वाटसरू आणि वाटेकरी

पाटन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील कोयनाकाठचे पाटण उभे राहते. मी ज्या पाटनविषयी लिहीत आहे ते मध्य प्रदेशात, जबलपूरच्या वायव्येस साधारण तीस किलोमीटरवर आहे. तहसिलीचे गाव, भोवती शेतजमीन, हिवाळा आला की मटारच्या शेंगांनी भरलेल्या गाड्या येथून जबलपूरकडे जाऊ लागतात. भाषांतराच्या कामाला शांतता हवी म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता जबलपूर सोडून येथे राहावयास आलो. मूळ गावाबाहेर, जेथे पूर्वी शेते होती, तेथे प्लॉट पडून नवी वसाहत झाली आहे. तीत आमचे घर.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी लहानशी प्रार्थनासभा भरते. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एक वृद्ध भगिनी तिला नेमाने येतात. मूळच्या वऱ्हाडातील, उभे आयुष्य परिचारिकेच्या कामात घालविलेल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंतचे प्लॉट अद्याप मोकळे आहेत. त्यांच्या कडेने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी एक पाऊलवाट मळली आहे, आणि ती आमच्या घराशी येऊन संपते. कारण तेथून घरे सुरू होतात. मावशी एकदा हसत हसत म्हणाल्या होत्या, "भाऊ, सारी वाट मी कडेकडेनं येते. तुमच्या दाराशी आलं, की मात्र रस्त्यात उतरावं लागतं." आम्ही सगळेच हसलो. त्यांना चहा दिला आणि सभा सुरू केली.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी त्या आमच्या दाराशी आल्या आणि नेहमीप्रमाणे रस्त्यात उतरल्या. मागून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येत होती. ओल्या सिमेंटवर तिचे चाक घसरले, मावशींना धक्का बसला आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. गाडीवरचा मुलगा पळून गेला नाही. त्यानेच त्यांना उचलले, रिक्षा आणली आणि रात्री उशिरापर्यंत तो दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. तरीही वसाहतीचा निर्णय तासाभरात झाला होता : आजकालची मुले बेफाम गाड्या हाकतात. मीही मान डोलावली.

रात्री परतल्यावर दाराशी विजेरीचा प्रकाश पडला, तेव्हा ते दार मी प्रथमच बाहेरच्या बाजूने पाहिले. घर रस्त्यापेक्षा उंच बांधलेले. म्हणून फाटकापासून थेट सिमेंटच्या रस्त्यापर्यंत उतार बांधलेला. त्या उतारावर मोटार उभी. उताराच्या दोन्ही अंगांना तारेचे कुंपण आणि जास्वंदीची झाडे. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी लावली. कुंपणभिंतीच्या बाहेर आठ फूट रुंद आणि चाळीस फूट लांब जागा मी वापरीत होतो. माझ्या खरेदीखताप्रमाणे माझी जमीन भिंतीशीच संपते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. मावशींच्या मोडलेल्या हाडाला उत्तरदायी कोण? कायद्याने पाहिले तर तो मुलगा. परंतु कायद्याच्या दृष्टीतून सुटलेली बाब विवेकाच्या दृष्टीतूनही सुटते काय?

आपल्या नव्या वसाहतींत पदपथ का नसतात, याचे सोपे उत्तर आपल्याजवळ तयार असते : जागा नाही, पैसा नाही. पण आमच्याच वसाहतीचा नकाशा पाहा. त्यात रस्ता नऊ मीटर रुंद दाखविला आहे. प्रत्यक्षात मधोमध चार मीटरची सिमेंटची पट्टी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर जागा शिल्लक उरते. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींसाठी १९८८ साली मार्गदर्शक सूत्रे तयार केली आणि २०१२ मध्ये ती सुधारली. त्यांत निवासी भागातील पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे; अपंगांच्या दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील इतकी ती रुंदी आहे. हिशेब केला तर जागा पुरून उरते.

मग ती जाते कोठे? प्लॉट पाडणारा मधली पट्टी करून निघून जातो. कडेची जमीन कच्चीच राहते. पावसाळ्यात तेथे चिखल होतो, म्हणून पहिला घरमालक आपल्यापुरती फरशी घालतो. काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो आणि रस्ता उंच होतो. पुढचा घरमालक त्याहून उंच जोते बांधतो, आणि जोत्याबरोबर उतारही लांबतो. कोणी बाग करतो, कोणी जिन्याची पायरी बाहेर काढतो, कोणी मोटार उभी करतो. विजेचा खांब आणि उघडे गटारही तेथेच येते. वसाहत बांधणाऱ्याच्या हातून ती नगरसंस्थेच्या हाती जाईपर्यंत कडेच्या जागेला धनीच नसतो. आणि निर्धनी वस्तूला धनी फार लवकर मिळतात. पदपथ द्यावयास कोणीतरी नाही म्हटले, असे कोठेच घडत नाही. तो घराघराने थोडा थोडा नाहीसा होतो.

या नाहीशा होण्याचे मोल कोण देतो? २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामकऱ्यांना ते कामावर कसे जातात असे विचारण्यात आले होते. सुमारे साडेचार कोटी लोकांनी 'पायी' असे सांगितले. मोटारीने जाणारे अर्ध्या कोटीहून थोडेसे अधिक भरले. आणि केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. हे सारेच मृत्यू पदपथ नसल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. परंतु रस्त्यात उतरण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, अशांची संख्या त्यांत लहान नसावी.

माझा व्यवसाय शब्दांचा आहे, म्हणून एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. मराठीत 'रस्त्यावर येणे' म्हणजे सर्वस्व गमावणे, निराधार होणे. हा वाक्प्रचार आपण दिवाळखोर व्यापाऱ्याविषयी वापरतो. पण आमच्या वसाहतीत जो कोणी पायी निघतो तो अक्षरशः रस्त्यावर येतो : शाळेत जाणारे मूल, भांडी घासावयास येणारी बाई, औषधाच्या दुकानाकडे निघालेला वृद्ध. दुसरा शब्द परक्या भाषेतील आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेत रस्त्यात हवे तेथे चालणाऱ्याला 'जेवॉकर' म्हणू लागले. 'जे' म्हणजे गावंढळ. तोवर रस्ता सर्वांचा होता; मोटारींचा सुळसुळाट झाल्यावर मोटारवाल्यांच्या संघांनी हा शब्द मुद्दाम रूढ केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला माणूस रस्त्यावरचा अपराधी ठरला. शब्द बदलला की अपराधी बदलतो, याचे हे लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे.

येथे कोणी म्हणेल, जुन्या गावांच्या गल्ल्यांत तरी पदपथ कोठे होते? ओटे तर तेथेही गल्लीत आलेले असत. आक्षेप खरा आहे. परंतु त्या गल्लीचा वेग माणसाच्या पावलांचा होता. बैलगाडी आली तरी ती माणसामागून चाले. वेग वाढला तेव्हा कडेची सुरक्षित जागा ही गरज झाली. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. वेग त्यापुढे वाढत जाईल तशी मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या रस्ता-सुरक्षेच्या जागतिक परिषदेने, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ३० ही मर्यादा सुचविली. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेगळीच युक्ती निघाली. अरुंद निवासी गल्लीत पदपथ न बांधता सारी गल्लीच चालणाऱ्यांची ठरविली आणि गाड्यांना त्यांच्या चालीने जाण्याचे बंधन घातले. १९७६ मध्ये त्या देशाने तिला कायद्याची मान्यता दिली. तात्पर्य असे, की चालणाऱ्याला एक तर वेगळी जागा द्यावी, नाहीतर सर्वांनी आपला वेग त्याच्या पावलांशी जुळवावा. आम्ही दोन्ही दिलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरबांधणीविषयी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा. नाहीतर तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. त्या काळी लोक धाब्यावर झोपत, बसत, प्रार्थनाही करीत. पेत्र यापो येथे धाब्यावरच प्रार्थनेस गेला होता. या नियमाविषयी विचार करताना मला एका गोष्टीचे नेहमी आश्चर्य वाटे, पण तिचा अर्थ मात्र परवा कळला. येथे कोणी कोणाला ढकललेले नाही. घरधन्याच्या मनात वाईट हेतू नाही. पडणारा कोण, तो केव्हा येईल, येईल की नाही, हेही ठाऊक नाही. तरीसुद्धा दोष आहे, आणि तो अपघातानंतर नव्हे, तर कठडा न बांधता घर पुरे झाले त्या दिवसापासून आहे. नियमशास्त्राने येथे ओळखीच्या शेजाऱ्याची नव्हे, तर अद्याप न आलेल्या शेजाऱ्याची काळजी वाहिली आहे. पदपथ म्हणजे जमिनीवर आडवा घातलेला कठडाच नव्हे काय?

त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शापांची एक मालिका आहे. त्यांपैकी एक शाप शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकविणाऱ्यासाठी आहे, आणि त्याला लागूनच दुसरा, आंधळ्याला वाट चुकविणाऱ्यासाठी. हे दोन शाप शेजारी शेजारी का आले असावेत, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. एक जमिनीचा व्यवहार, दुसरी दयामायेची बाब, असे मी समजत होतो. माझ्या फाटकाबाहेरच्या आठ फुटांत ते दोन्ही एक झाले. मी सीमा सरकविली, म्हणून मावशींची वाट चुकली. त्या मालिकेतील पापे बहुतांशी गुपचूप होणारी आहेत. माझे मात्र भर दिवसा, गवंडी लावून, शेजाऱ्यांच्या देखत झाले. कोणी हरकत घेतली नाही, कारण प्रत्येकाच्या दाराशी तेच होते. सर्वांच्या डोळ्यांदेखत घडूनही जे कोणाला दिसत नाही, ते गुप्त पापच म्हणावयास हवे.

लेवीयांच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्यापुढे अडखळण ठेवण्यास मनाई आहे. 'अडखळण' हा शब्द आपल्या उपदेशांत इतका रुळला आहे, की तो ऐकताच आपल्याला दुर्बळ विश्वासाच्या बंधूची आठवण होते. तो अर्थ योग्यच आहे. परंतु त्या शब्दाला आपण इतके आध्यात्मिक करून टाकले, की त्यातील दगड नाहीसा झाला. मोशेच्या लोकांना प्रथम दिसला असेल तो खराखुरा दगड आणि खराखुरा आंधळा.

यावर माझ्याच मनाने एक उत्तर दिले, आणि ते प्रामाणिकपणे सांगावयास हवे. मी एकट्याने उतार काढला तर काय होणार? पुढच्या घराचा आहेच, त्यापुढच्याचाही आहे. मावशी माझ्या दाराशी नाही, तर पुढच्या दाराशी रस्त्यात उतरतील. शिवाय हे काम नगरसंस्थेचे आहे. या युक्तिवादात असत्य काही नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. प्रत्येक घरी तो जसाच्या तसा खरा ठरतो. पन्नास घरांतील पन्नास माणसे निर्दोष ठरतात आणि एक म्हातारी दवाखान्यात पडते. जमिनीचे वाटे घातले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी जमीन येते; पापाचे तसे होत नाही. पन्नास जणांनी मिळून केलेले पाप प्रत्येकाकडे पुरेपूर येते. उपासनेतील पापांगीकारात आपण केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. ते शब्द म्हणताना मला आजवर भेटीस न गेलेले आजारी आठवत. फाटक कधी आठवले नव्हते.

नगरसंस्थेचे कर्तव्य मात्र याने कमी होत नाही. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉक्टर एस. राजशेखरन यांनी रस्त्यांवरील अपघातांविषयी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मोडलेली हाडे सांधणाऱ्या माणसाने हाडे मोडूच नयेत म्हणून न्यायालयात जावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी सांगितले, की वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे आणि त्यावरील अतिक्रमणे दूर झाली पाहिजेत. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन पाळला. नियमांची वाण आपल्याकडे नाही.

अतिक्रमण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे हातगाडी येते. येथे थोडे थांबावयास हवे. १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, जो ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्कही त्याच एकविसाव्या अनुच्छेदात पाहिला होता. मात्र पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क मान्य केला नव्हता. म्हणजे चालणारा आणि पोट भरणारा, दोघेही एकाच अनुच्छेदाच्या छायेखाली उभे आहेत. त्यांच्यात वाटणी करणे कठीण आहे, पण अशक्य नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा त्याचसाठी झाला. जास्वंदीच्या झाडांना आणि उभ्या मोटारीला मात्र कोणत्याच अनुच्छेदाची छाया नाही. भाजीवाली दोन हात जागा घेते ती जगण्यासाठी. मी आठ फूट घेतले ते केवळ सोयीसाठी. आणि वसाहतीच्या सभेत तिची गाडी हलवावी या ठरावावर मीच सही केली होती.

यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवरील शोमरोन्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या दाराशी तो शोमरोनी दुधाच्या किटल्या घेऊन आला होता. आम्ही त्यालाच लुटारू ठरविले. तथापि त्या दृष्टान्ताविषयी मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती : जखमीला उचलणे हा आरंभ आहे, पुढे त्या यरीहोच्या वाटेचीच पुनर्रचना करावी लागते, म्हणजे येणारे-जाणारे तेथे वारंवार मार खाणार नाहीत. आपल्या मंडळ्या जखमीला उचलण्यात मागे नसतात. मावशींच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी झाली, घरी डबे गेले, प्रार्थना झाल्या. वाटेविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. शुभवर्तमानांतील जवळजवळ सारा प्रवास पायी झालेला आहे, आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची ओळखच मुळी 'मार्ग' या शब्दाने होत असे, हे लक्षात घेता ही शांतता विचित्र वाटते.

'वाट' आणि 'वाटा' या दोन शब्दांचे मूळ भाषाशास्त्राच्या दृष्टीने वेगवेगळे आहे. तरी मराठी कानाला ते सख्खे वाटतात, आणि मला आता त्यांचे नाते खरे वाटू लागले आहे. वाटेने जाणारा वाटसरू हा त्या वाटेचा वाटेकरी असतो. त्याचा वाटा खरेदीखतात लिहिलेला नसतो, म्हणून तो हिरावून घेणे सर्वांत सोपे.

पावसाळा संपल्यावर मी गवंडी बोलावला. बाहेरचा उतार फोडून तो फाटकाच्या आत घेतला. अंगणातील तुळशीएवढी जागा उरली, मोटार कशीबशी आत मावते. कुंपण काढले, जास्वंदी आत लावली, गटारावर फरश्या टाकल्या आणि आठ फुटांची पट्टी सपाट केली. समोरचे गृहस्थ दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "साहेब, नोटीस आली का?" नाही म्हटल्यावर त्यांना ते खरे वाटले नाही. शेजारच्यांनी खर्च किती आला ते विचारून घेतले. त्यापुढे अद्याप काही झालेले नाही, आणि होईलच असे मी सांगू शकत नाही. नगरसंस्थेकडे सर्वांच्या सहीचा अर्ज द्यावयाचा आहे; त्यावर सध्या चार सह्या आहेत.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी मावशी वॉकर घेऊन सभेला आल्या. मोकळ्या प्लॉटांच्या कडेची पाऊलवाट आता आमच्या दारापर्यंत येऊन थांबत नाही, भिंतीच्या टोकापर्यंत जाते. सभा झाल्यावर त्या त्या टोकापर्यंत चालत गेल्या. तेथे शेजारच्यांचा उतार सुरू होतो. त्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, चाळीस फूट झाले. औषधाच्या दुकानापर्यंत अजून पुष्कळ आहेत." या वेळी मी हसलो नाही.